बुरावी उस्ताची पाचर

इंजिन मेलं तेव्हा होडीचा रईस, म्हणजे तांडेल, तिजानी पावाला हरिसाची चटणी लावत होता. इंजिनाला मरायला चांगला अर्धा तास लागला असणार, आणि त्या अर्ध्या तासात त्याने समोरचा लाल दिवा पेटवून मालकाला पुष्कळ हाका मारल्या असणार. पण त्या दिव्यावर तिजानीने दोन वर्षांपूर्वीच काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. दिवा उगाच पेटतो, आणि उगाच पेटणाऱ्या दिव्यामुळे माणसाचं कामात लक्ष लागत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून इंजिनाने आधी धूर काढला, मग ते कण्हलं, मग आत कुणीतरी लोखंडी खाट आपटावी तसा आवाज झाला, आणि बेटावरच्या अल-अताया बंदरापासून दोन मैलांवर त्याची होडी 'मब्रूका' एकदम गप्प झाली. तिजानीने घास तोंडात घातला. त्या शांततेत हरिसा नेहमीपेक्षा तिखट लागला.

समुद्रात मदतीला कोण येईल ते आपल्या हातात नसतं. आला तो झुहैर, तिजानीच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या होडीत पंच्याहत्तर घोड्यांचं इंजिन होतं, आणि ते पंच्याहत्तर आहेत हे त्याने बेटावर कुणालाही विसरू दिलं नव्हतं.

"दाजी, दोर टाकू का?" तो लांबूनच ओरडला. "की पोहत ढकलणार?"

दोर टाकला गेला. धक्क्याला जायचा सरळ रस्ता सोडून झुहैरने मुद्दाम कॅफेसमोरून वळसा घेतला. पत्ते खेळणारी मंडळी पत्ते खाली ठेवून उभी राहिली. एकाने तर टोपी काढली, मयताला काढतात तशी.

बुरावी उस्ता संध्याकाळच्या आत आला. उस्ता म्हणजे हडकुळा, सत्तरीचा, जवळजवळ न बोलणारा माणूस. तीस वर्षं त्याने बेटाच्या फेरीबोटीची इंजिनं सांभाळली होती, आणि निवृत्तीनंतर तो गावातल्या होड्यांची सांभाळत होता. तो इंजिनखान्यात उतरला, दहा मिनिटांनी वर आला आणि हात पुसत म्हणाला, "वारलं."

"काहीच होणार नाही?"

"दफन होईल. पाण्याचा पंप कधी गेला होता?"

"कळलंच नाही, उस्ता."

उस्ताने वाकून दिव्यावरची चिकटपट्टी नखाने सोलली, तिची नीट घडी केली आणि खिशात ठेवली. "दिव्याला कळलं होतं," तो म्हणाला.

आता नवं इंजिन घ्यायचं हे ठरलेलंच होतं, प्रश्न केवढं घ्यायचं एवढाच होता. जुनं तेहतीस घोड्यांचं होतं. एकवीस वर्षं तेवढ्यात भागलं होतं. पण कॅफेसमोरून ओढत नेलेल्या माणसाचं तेहतीसात भागत नाही.

"एकशे वीस," घराच्या ओट्यावर चहा देत तिजानी म्हणाला.

उस्ताने चहाचा पेला खाली ठेवला. "कुठे जायचंय?"

"कुठे म्हणजे?"

"एकशे वीस घोडे जुंपून कुठे जायचंय? तुझी शर्फिया खाडीच्या आतल्या टोकाला. तिथपर्यंत ओहोटीत गाढव चालत जातं. मी पाहिलंय."

यात खोटं काही नव्हतं. शर्फिया म्हणजे समुद्रातलं शेतच. उथळ पाण्यात खजुराच्या झावळ्यांची लांबच लांब कुंपणं रोवायची, मासा कुंपणाच्या कडेकडेने चालत राहतो आणि शेवटी आपण होऊन सापळ्यात शिरतो. तिजानीचा पणजोबा याच जागी झावळ्या रोवत होता, आणि दर शरद ऋतूत त्या नव्याने रोवायच्या म्हणजे जागा आपली राहते. जायला वाट एकच, आतली खाडी. खाडीच्या दोन्ही अंगांना इतरांची कुंपणं, म्हणून तिथून माणसाच्या चालीने जायचं, लाट उठवायची नाही, हा नियम. ज्याच्या लाटेने कुंपण पडेल त्याला खाडी बंद. त्याने बाहेरच्या समुद्रातून बेटाला वळसा घालून जायचं, जायला तीन तास, यायला तीन, आणि दोन्हीच्या मध्ये ओहोटी लागली तर रात्रभर चिखलात बसायचं. असा माणूस झावळ्या रोवून पुऱ्या करू शकत नाही. थोडक्यात, खाडी गेली की शर्फिया गेली.

"मला सावकाश जाता येतं हो," तिजानी म्हणाला. "पण जाता येईल तेव्हा जोरात जाता आलं पाहिजे."

उस्ताने धक्क्याशी बांधलेल्या मब्रूकाला ओट्यावरूनच नजरेने मापलं. मग म्हणाला, "एकशे वीस आणू. पण बसवणार मी, माझ्या पद्धतीने. मध्ये बोलायचं नाही."

तिजानीने कबूल केलं. त्याच्या बायकोने, वसीलाने, आतून विचारलं, "न बोलायचं कबूल केलंत? लिहून घेतलं का उस्तानं?"

पुढचे सोळा दिवस तिजानी धक्क्यावर बसून होता आणि न बोलण्याची पराकाष्ठा करत होता. सुरुवातीला त्याला वाटलं, जुनं उचलायचं, नवं ठेवायचं, चार बोल्ट आवळायचे. होडी किनाऱ्यावर ओढून घेतली गेली. तीन खजुरांच्या खोडांची तिकाटी उभी राहिली, तिला साखळीची कप्पी लागली आणि जुनं इंजिन गंजलेल्या बैलासारखं हळूहळू वर आलं. झालं, अर्धं काम संपलं, असं तिजानीला वाटलं. उस्ताने मात्र करवत घेतली आणि इंजिन ज्या दोन आडव्या लाकडांवर बसलं होतं ती लाकडंच कापून काढली.

"अहो उस्ता, ती चांगली होती!"

"तेहतीसांना चांगली होती. एकशे वीस जण लाथा मारायला लागले की ती तळासकट निघतील. आणि तू बोललास."

नवी लाकडं आली ती दुप्पट लांब, जवळजवळ होडीच्या नाकापासून मागच्या टोकापर्यंत. उस्ता ती रोज थोडी तासायचा, जागेवर बसवून बघायचा, काढायचा, खडूची पूड लावायचा, पुन्हा बसवायचा, जिथे खडू उठला तिथे पुन्हा तासायचा. आठव्या दिवशी लाकूड असं बसलं की जणू होडी त्याच्याभोवतीच वाढली असावी. तिजानीने खाली उतरून फटीत नख घालून पाहिलं. नख जाईना. घरी जाऊन त्याने वसीलाला ते नख दाखवलं.

इंजिनापासून पाण्यातल्या पंख्याकडे जाणारा शाफ्ट बदलला, कारण जुना बोटाएवढा आणि नवा मनगटाएवढा. पंखा बदलला. नव्या पंख्याला चार रुंद पाती, झोपाळू कानांसारखी. आणि इंजिन व पंखा यांच्यामध्ये एक जाडजूड गिअरबॉक्स.

"हा कशाला?"

"इंजिन तीन फेरे मारील तेव्हा पंखा एक मारील."

"म्हणजे दोन फेरे वाया?"

उस्ताने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिजानी पुढचे दोन दिवस खरोखरच बोलला नाही.

मग होडी पाण्यात गेली, आणि आता बोल्ट आवळायचे एवढंच उरलं, तेव्हा उस्ताने हत्यारं पेटीत टाकली आणि तो कॅफेत जाऊन वर्तमानपत्र वाचू लागला. एक दिवस वाचलं, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचलं. बेटावरचे बाकी सगळे झावळ्या तोडून आणत होते. तिजानी कॅफेत जाऊन त्याच्या टेबलाशी उभा राहिला.

"उस्ता, बोल्ट..."

"होडी अजून बसतेय."

"बसतेय? ती तरंगतेय!"

"लाकूड जमिनीवर खोटं बोलतं, तिजानी. काठावर तिला टेकू असतात, ती अंग सैल सोडते. पाण्यात गेली की फुगते, वाकते, आपल्या आकाराला येते. जमिनीवर सरळ बसवलेला शाफ्ट पाण्यात वाकडा होतो. मग लोक म्हणतात उस्ता वाकडा."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो इंजिनखान्यात उतरला. शाफ्टच्या आणि गिअरबॉक्सच्या दोन चकत्या समोरासमोर आणून त्याने खिशातून सिगारेटचा कागद काढला. उस्ता सिगारेट ओढत नसे. कागद त्याने फटीत वर सरकवला, मग खाली, मग डावीकडे, मग उजवीकडे. वर कागद अडला, खाली सुटला. उस्ताने इंजिनाच्या एका पायाखाली पत्र्याची पातळ चकती घातली. पुन्हा कागद. शाफ्ट पाव फेरा फिरवला. पुन्हा कागद. असं दुपारपर्यंत चाललं होतं. शेवटी चारी बाजूंना कागद सारखाच अडत होता, इतका की ओढला तर येत होता, पण मनाविरुद्ध. तिजानी तोंड उघडं टाकून पाहत होता. बोल्ट त्यानंतर दहा मिनिटांत आवळले गेले.

जाताना उस्ताने ऑलिव्हच्या लाकडाची एक बोटभर पाचर वेगाच्या दांड्याखाली ठोकली. दांडा अर्ध्यावर येऊन थांबू लागला.

"ही काढायची नाही," तो म्हणाला आणि घरी गेला. का, ते सांगितलं नाही.

पहिल्या फेरीला अर्धा धक्का जमला होता. इंजिन सुरू झालं, घशात हसावं तसं. तिजानीने दांडा पुढे केला. तो पाचरीला टेकला. मब्रूका निघाली, आणि जशी निघाली तशीच चालत राहिली, जुन्या तेहतीस घोड्यांपेक्षा जेमतेम जास्त वेगाने.

"दाजी," झुहैर काठावरून ओरडला, "घोडे झोपलेत की रोजे ठेवलेत?"

माणसाने सोळा दिवस न बोलता काढावेत आणि सतराव्या दिवशी हे ऐकावं! तिजानीने बाहेरच्या समुद्रात जाऊन हातोडी घेतली आणि पाचर उडवली. दांडा शेवटपर्यंत पुढे गेला.

होडीचं नाक वर आलं आणि मागचं पोट खाली बसलं, जेवून उठू पाहणाऱ्या जाडजूड माणसासारखं. इंजिन गर्जलं, धूर झाला, मागे गुडघाभर, मग कमरेएवढी लाट उठली. वेग किती वाढला? झुहैरची होडी मागे पडेल इतका नाही. तिजानीने मागे वळून पाहिलं आणि त्याला ती लाट मात्र फार आवडली. एवढी लाट बेटावर कुणाची नव्हती. त्याच आनंदात त्याने होडी वळवली, आणि खाडीचं तोंड जरा जास्तच जवळून घेतलं.

लाट खाडीत शिरली. तिजानी शिरला नव्हता, त्याची लाट शिरली, आणि ती नियम न पाळता गेली. अकरा झावळ्या आडव्या झाल्या. बेटाभोवती शेकड्यांनी कुंपणं आहेत, पण पडलं ते हाजी अल्लालाचं. हाजी अल्लाला म्हणजे समुद्राचा अमीन, खाडी कुणाला उघडी आणि कुणाला बंद हे ठरवणारा माणूस.

हाजी दुसऱ्या दिवशी स्वतः चालत आले. रागावलेले मुळीच नव्हते, आणि तिजानीला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटली.

"माझ्या अकरा झावळ्यांचं मी बोलतच नाही," हाजी म्हणाले. "मी बोलतोय इंजिनाचं. एकशे वीस घोडे खाडीत नेणं म्हणजे काचेच्या दुकानात उंट नेणं. लोक म्हणतात, तुला खाडी बंद करा. मी म्हणालो, आधी बघू. शुक्रवारी, ओहोटीच्या ऐन जोरात. होडी झावळ्यांनी पूर्ण भरून, मागे झावळ्यांचा तराफा बांधून, प्रवाहाविरुद्ध आत यायचं. कुंपणाच्या खांबावर पाणकावळा बसलेला असतो. तू त्याच्या बाजूने गेलास आणि तो उडाला, तर तू शनिवारपासून बाहेरच्या वाटेने."

"आणि बसून राहिला तर?"

"तर मग पाणकावळ्यापेक्षा मला जास्त काय कळतं?"

ही परीक्षा जुनी होती, पण ओहोटीविरुद्ध भरल्या होडीने ती कुणी दिली नव्हती. ओहोटीच्या ऐन जोरात खाडीतून आत कुणी येतच नसे, सगळे भरतीची वाट पाहत बाहेर थांबत. हळू गेलं तर प्रवाह मागे ढकलतो, जोर लावला तर पाणी घुसळून कुंपणं हलतात. तिजानी थेट उस्ताकडे गेला.

"उस्ता, तुम्ही मला फसवलंत! एवढे घोडे आणि होडी धावत नाही, नुसती लाट काढते!"

"पाचर कुठाय?"

"समुद्रात," तिजानी म्हणाला.

"लाकडी होडीचा वेग तिच्या लांबीत असतो," उस्ता म्हणाला. "तेवढ्यापुढे गेली की ती स्वतःचीच लाट चढायला लागते. दोनशे घोडे लाव, चढच वाढेल. हे तुला मी आधी सांगितलं असतं तर तू पलीकडे स्फाक्स शहरात जाऊन दुसरा उस्ता शोधला असतास. म्हणून मी धावायचे घोडे बसवलेच नाहीत. ओढायचे बसवलेत."

"मग पाचर काढू नको म्हणालात, तेव्हा कारण का नाही सांगितलं?"

उस्ताने खिशात हात घातला आणि चिकटपट्टीची घडी काढून टेबलावर ठेवली. "दिव्याने सांगितलं होतं, तर तू त्याला ही लावलीस. मला लावली असतीस तर चहा कसा प्यायलो असतो?"

मग तो उठला, पेटीतून पहिल्या पाचरीचा उरलेला ऑलिव्हचा तुकडा काढून नवी पाचर तासू लागला. "शुक्रवारी दांडा हिच्यापर्यंतही नेऊ नकोस. अर्ध्याच्या अर्ध्यावर ठेव आणि हात काढून घे. बाकी पंख्यावर सोड."

शुक्रवारी दुपारी मब्रूका झावळ्यांच्या डोंगराखाली गडप झाली होती. मागे तराफा, त्यावर आणखी डोंगर. हाजी अल्लाला पंच म्हणून पुढे बसले, झुहैर साक्षीदार म्हणून त्यांच्या शेजारी. उस्ताला बोलावलं होतं, पण तो आला नाही. "मी तिथे येऊन काय करू? माझं काम झालंय," एवढाच निरोप आला.

खाडीतून पाणी बाहेर धावत होतं, काठाकाठाने ओरखडे काढत. तिजानीने दांडा अर्ध्याच्या अर्ध्यावर आणला आणि हात काढून घेतला. हात कुठे ठेवायचा ते त्याला कळेना, म्हणून त्याने तो खिशात घातला. खाली इंजिन मंद गुरगुरत होतं. त्याहून खाली कुठेतरी तो झोपाळू कानांचा पंखा एकेक फेरा असा घेत होता, जसं म्हातारं माणूस पायरी चढताना आधी पाऊल टेकतं, विचार करतं आणि मग वजन टाकतं. मब्रूका सरकली. पाणी तिच्या नाकाशी दुभंगून बाजूने निघून गेलं, पण मागे ना फेस, ना घुसळण. तराफा हरणाच्या पाडसासारखा मागोमाग आला.

हाजींनी कडेवरून वाकून पाणी पाहिलं. "भरती लागली का?"

"नाही हाजी, ओहोटीच आहे."

"मग आपल्याला ओढतंय कोण?"

तिजानीने मानेनेच खाली पंख्याकडे खूण केली. त्याला एकाएकी खडूची पूड आठवली, आणि तो सिगारेटचा कागद, मनाविरुद्ध येणारा. सोळा दिवस तो ज्या माणसाला मनातल्या मनात मंद म्हणत होता, त्या माणसाने हे सगळं, हीच दुपार, हाच प्रवाह, आधीच पाहिलेला होता आणि त्याप्रमाणे लाकूड तासलेलं होतं.

अमीनचं कुंपण आलं. अकरा नव्या झावळ्या हिरव्यागार दिसत होत्या, आणि कोपऱ्यातल्या खांबावर पाणकावळा पंख पसरून ऊन खात बसला होता. मब्रूकाची कड खांबापासून हातभर अंतरावर आली.  झुहैर जोरात खोकला.

"सर्दी झाली का रे?" हाजींनी मान न वळवता विचारलं.

"नाही हाजी, घशात जरा..."

"मग गिळ."

पाणकावळ्याने झुहैरकडे पाहिलं, त्यात काही दम नाही असं त्याचं मत झालं असावं, आणि त्याने तोंड फिरवून दुसरा पंख वाळत घातला. त्याच्या खांबाला पाण्याचा ओला पट्टा होता तेवढाच राहिला. होडी गेली, तराफा गेला. पाणकावळा तिथेच होता. झावळ्यांचं एक पातंही हललं नव्हतं.

बरंच पुढे गेल्यावर हाजी म्हणाले, "खाडी तुझी." मग थोड्या वेळाने, "बुरावीला सांग, माझ्या होडीकडे एकदा बघून जा म्हणावं."

त्या रात्री वसीलाने माकुळ घालून रव्याचं कुसकुस केलं आणि त्यातलं मोठं ताट उस्ताच्या घरी पाठवलं. "एवढा खटाटोप करून हळू जायला शिकलात," ती नवऱ्याला म्हणाली. तिजानीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात झावळ्या रोवायचं काम जोरात सुरू झालं. एका सकाळी ओहोटी होती. खाडीच्या तोंडाशी पाच-सहा भरल्या होड्या नांगर टाकून भरतीची वाट पाहत होत्या, त्यांत झुहैरची एक. त्याचे पंच्याहत्तर घोडे दोनदा जोर लावून, पाणी घुसळून, अमीनच्या नजरेला घाबरून गप्प झाले होते. मब्रूका मागून आली, माणसाच्या चालीने. झुहैरच्या होडीशेजारून जायला तिला इतका वेळ लागत होता की तिजानीने सलाम केला, त्याच्या तब्येतीची चौकशी केली, बायकोची केली, मुलांची नावं घेऊन केली, सासूच्या गुडघ्याची केली, आणि तरीही ती अजून शेजारीच होती.

"दाजी," झुहैर शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "दोर टाकता का?"

"टाकतो की. कॅफेसमोरून वळसा नको ना घ्यायला?"

"दाजी..."

दोर टाकला गेला, ताणला गेला. मब्रूकाने क्षणभर विचार केला आणि दोन्ही होड्या प्रवाहाविरुद्ध आत निघाल्या. समोरचा दिवा उघडा होता, बिनचिकटपट्टीचा, आणि विझलेला होता. दांड्याखाली पाचर जागच्या जागी होती. कोपऱ्याच्या खांबावर पाणकावळा दिसू लागला.

"दाजी, जरा जोर लावा की! असं तर दुपार होईल!"

तिजानीने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याचे दोन्ही हात खिशात होते.

"एकशे वीस घोडे आहेत झुहैर," तो म्हणाला. "जोर कशाला लावायचा?"